तिसरा आवाज

"तू त्या दिवशी माफी मागितलीस ना, म्हणून मी मेट्रनपाशी तुझं नाव घेतलं नाही," थोरली म्हणाली, आणि धाकटीने ओठांपर्यंत नेलेला चहाचा कप खाली आणून विचारलं, "मी? कधी?"

झालं ते एवढंच. सकाळचे साडेनऊ, हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची निर्जंतुकीकरणाची खोली, तिच्या कडेला चहापुरती वेगळी काढलेली चिंचोळी जागा, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. आठ महिने या दोघी एकमेकींशी थेट एक शब्द बोलल्या नव्हत्या. एकीचं नाव थोरली, दुसरीचं धाकटी. त्यांच्यात नातं कसलंच नव्हतं, वयात अकरा वर्षांचं अंतर होतं म्हणून वरच्या मजल्यावरच्या कोणीतरी गमतीने ठेवलेली नावं, आणि गमतीने ठेवलेली नावं कातडीसारखी चिकटतात. आठ महिन्यांनी आज पहिलं वाक्य निघालं, तेही भलेपणाचं निघालं, आणि त्याला उत्तर आलं 'मी? कधी?' मग दोघींच्या माना एकदमच वळल्या आणि चारही डोळे सुपरवायझरबाईंवर येऊन थांबले. बाईंच्या हातातलं बिस्किट चहात बुडवलेलं होतं. ते बाहेर काढायचं राहिलं. तळाशी जाऊन बसलं. नेमकी तेव्हाच वाफेच्या यंत्राची घंटा वाजली. माणसांना येत नाही ती दया कधीकधी यंत्रांना येते. "आले, आले," असं त्या यंत्राला म्हणाल्या आणि उठल्या.

यंत्राचं दार उघडलं की तोंडावर गरम ओला श्वास येतो. एकवीस वर्षं तो श्वास घेऊन बाईंच्या चष्म्याला त्याची इतकी सवय झाली होती, की दार उघडायच्या आधीच हात आपोआप चष्मा कपाळावर सरकवायचा. गठ्ठे एकेक करून बाहेर. प्रत्येक गठ्ठ्यावर टेपची पट्टी, आत जाताना पांढरी, आणि वाफ नीट आतपर्यंत पोचली असेल तर बाहेर येताना तिच्यावर काळ्या रेघा. रेघा दिसल्या की हा गठ्ठा विश्वासाचा. माणसांना अशी पट्टी लावता आली असती तर सुपरवायझर नावाच्या जातीची गरजच उरली नसती, असा विनोद बाई नव्या मुलींना सांगत. आज तो त्यांना स्वतःलाच आठवला आणि हसू आलं नाही. चोर पकडला गेला की जी भीती वाटते ती ही नव्हती. आपण कोणाच्या तरी नावाने लिहिलेलं पत्र त्याच माणसाने आपल्याला मोठ्याने वाचून दाखवावं, तसं काहीतरी झालं होतं. आणि वर थकवा. गुडघ्यातून वर चढणारा, ओळखीचा, घरच्यासारखा थकवा.

कारण माफी धाकटीने मागितलीच नव्हती. मागितली होती बाईंनी. धाकटी कपडे बदलायच्या खोलीत केस बांधता बांधता म्हणाली होती, "म्हातारीला सांगा, माझ्या वाटेला जाऊ नको म्हणावं. मी तिच्या सुनेसारखी ऐकून घेणारी नाही." तिथून थोरलीच्या टेबलापर्यंत लांबलचक बोळ, मध्ये दोन ढकलदारं. पहिल्या दाराशी सून गळली, दुसऱ्या दाराशी वाट गळली, आणि थोरलीपाशी पोचल्यावर बाईंच्या तोंडून निघालं, "चुकलंच म्हणतेय हो ती. तरुण आहे. तोंड आधी चालतं, डोकं मागून येतं." थोरलीने चष्मा पुसला होता. बराच वेळ पुसला होता. बाईंनी त्या दिवशी मनात खूण केली होती : एक. त्या मनातल्या मनात सगळ्याची टाचणं ठेवत, तो त्यांचा स्वभाव होता. कोण किती वेळा रजेवर, कोणाचा मोबाईल किती वेळा वाजला, कोण कोणाला बघून वाट बदलतं. आठ महिन्यांत धाकटीच्या नावाने सात माफ्या, थोरलीच्या नावाने चार. कौतुकं दोन्हीकडून मिळून नऊ. धाकटीच्या माफ्या जास्त, कारण थोरलीला जास्त लागायच्या. थोरलीची कौतुकं जास्त, कारण धाकटीला आई नव्हती. बाईंचा हिशेब इतका बारीक होता.

भांडण सुरू झालं ते मोहरीएवढ्या गोष्टीवरून. किंवा मोहरीहूनही लहान. एका कात्रीच्या बिजागरीत वाळलेल्या रक्ताचा ठिपका राहिला होता. थोरलीने तो पकडला, आणि धाकटीला बाजूला घेऊन दाखवण्याऐवजी धाकटीने धुतलेला आख्खा ट्रे सगळ्यांसमोर, वरून आलेल्या नर्ससमोर, परत टाकला. "हात वरवरचे आहेत हिचे," म्हणाली. धाकटी म्हणाली, "तुम्ही चष्मा बदला, मग आमचे हात बघा." संपलं. चार माणसांत अपमान झाला की त्याची भरपाई एकांतात होत नाही हे बाईंना कळत होतं. पण चार माणसांसमोर भरपाई मागायची म्हणजे पुन्हा एक तमाशा, आणि तमाशाला बाई लहानपणापासून घाबरत. मधल्या काळात त्यांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणालाही धाडलं होतं. विषय : कर्मचाऱ्यांच्या भावना कशा हाताळाव्यात. शिकवणाऱ्याने फळ्यावर झाकण उडालेलं भांडं काढलं आणि विचारलं, "भांडं उतू जातंय, तुम्ही काय कराल?" कोणी म्हणालं आच कमी करू, कोणी म्हणालं झाकण काढू. बाई मागच्या रांगेतून म्हणाल्या, "ओटा पुसू." सगळे हसले. शिकवणाराही हसला आणि त्यांना म्हणाला, "तुमचा अनुभव बोलतोय." त्या वेळी ते कौतुक वाटलं होतं. वर्षाअखेरीला मेट्रनने सगळ्या विभागप्रमुखांसमोर सांगितलं, "बघा, यांच्या विभागातून कधी आवाज येत नाही."

आवाज येत नव्हता हे खरं. कारण आवाज बाईंच्या आत साठवला जात होता.

या खोलीत एक रीत आहे. ट्रे बंद करायच्या आधी दोघींनी मोजायचा. एकीच्या हातात यादी, ती मोठ्याने वाचते, "कात्री सरळ, दोन." दुसरी ट्रेमधल्या कात्र्यांना बोट लावते आणि म्हणते, "दोन." मग पहिली खूण करते. बोट, आवाज, खूण. दोन डोळे चुकतात म्हणून दोन आवाज. नव्या मुलींना हे पहिल्या दिवशी शिकवतात, आणि काही महिन्यांनी दोघींच्या आवाजाला अशी लय येते की बाहेरून ऐकणाऱ्याला पाढे चाललेत असं वाटावं. थोरली-धाकटीची जोडी यात सगळ्यांत जलद होती. भांडणानंतरच्या आठवड्यात मात्र ती लय बिघडली. थोरली "दोन" वाचायची ते कानाखाली मारल्यासारखं, धाकटी "दोन" म्हणायची ते थुंकल्यासारखं. आकड्यांनीही शिवी देता येते हे बाईंना त्या आठवड्यात कळलं. एकदा "चिमटे चार" एवढ्यावरून धाकटी रडत बाहेर गेली. मग बाईच मध्ये उभ्या राहिल्या. थोरली यादीसह टेबलाच्या या टोकाला, कपाटाजवळ. धाकटी त्या टोकाला, ट्रेपाशी. मध्ये बाई. थोरली बाईंकडे बघून वाचणार, बाई धाकटीकडे वळून सांगणार, धाकटी यंत्राच्या घरघरीत फक्त बाईंनाच ऐकू येईल इतक्या हळू उत्तर देणार, बाई पुन्हा वळून ते थोरलीला पोचवणार. नियमात तिसरा आवाज कुठेही लिहिलेला नव्हता. पण नियम लिहिणाऱ्यांना थोरलीचा घसा आणि धाकटीचे ओठ माहीत नव्हते. आठवडाभरापुरतं म्हणून सुरू केलं ते आठ महिने चाललं. संध्याकाळी बाईंची मान दुखायची, इकडून तिकडे वळून वळून.

आणि मग गेला मंगळवार. पोटाच्या ऑपरेशनचा मोठा ट्रे, बावन्न नग. वर टेबलावर पेशंट झोपवलेला, नर्सने ट्रे उघडून मोजला तर रक्तवाहिन्या दाबून धरायचे वाकडे क्लॅम्प पाच, यादीत सहा, आणि सहापुढे खूण. दुसरा ट्रे मागवून उघडेपर्यंत वीस मिनिटं गेली. पेशंटला काही झालं नाही. पण वीस मिनिटं एक माणूस शुद्ध हरपून वाट बघत पडला होता, हे कागदावर आलं, आणि कागदावर आलेल्या गोष्टीला कोणाचं तरी नाव लागतं. यादीखाली सह्या दोन होत्या. मेट्रनने काल संध्याकाळी बाईंना वर बोलावलं. "वाचणारीचं चुकलं की मोजणारीचं, एवढंच मला उद्या चारपर्यंत लिहून द्या. जिचं चुकलं ती पुढच्या सोमवारपासून खाली चादरींच्या विभागात जाईल. आणि गोड बोलून विचारा हं. तुम्हाला जमतं ते."

चादरींचा विभाग तळघरात होता. अठ्ठावीस पायऱ्या. थोरलीचे गुडघे दोन वर्षांपासून पायऱ्यांना नमस्कार करत होते. तिथल्या पाळ्या बदलत्या, आणि धाकटीची पाच वर्षांची मुलगी साडेपाचला पाळणाघराच्या दाराशी दप्तर घेऊन उभी असायची. बाईंनी दोन्ही पारड्यांत माप घालून पाहिलं. पारडी काही केल्या हलेनात.

अकराच्या सुमारास बाई कपाट लावत होत्या, तिथे धाकटी आली. हातमोजे काढलेले नव्हते, म्हणजे बोलणं थांबण्यासारखं नव्हतं. "बाई, माफीचं नंतर बघू. आधी मला सांगा, मंगळवारी मी पाच म्हणाले होते की नाही? तुमच्यासमोर म्हणाले होते. कपाट तिच्या पाठीशी. सहावा काढून ट्रेत टाकायचं आणि मग ट्रे बंद करायचं काम तिचं. तिने ऐकलं, आणि मुद्दाम सहाला खूण केली. मला खाली घालवायला." डोळे लाल होते. बाई म्हणाल्या, "तसं नसेल गं. त्यांनाही वाईट वाटतंय. सकाळीच म्हणत होत्या, पोरीवर अन्याय नको व्हायला..." आणि मध्येच थांबल्या. थोरली सकाळपासून त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. वाक्य तोंडातून आपसूक बाहेर आलं होतं, धुतलेलं, पुसलेलं, गठ्ठा बांधलेलं. "असं म्हणाल्या त्या?" धाकटीने हळूच विचारलं. "नक्की?" बाईंनी कपाटातले क्लॅम्प मोजायला घेतले. धाकटी गेली.

वाकडे क्लॅम्प, एका जाळीत सहा. बाईंच्या बोटांना त्यांचा गार स्पर्श. मंगळवारही असाच गार होता, पंखा उगीचच चालू होता, थोरलीने वाचलं होतं, "वाकडे क्लॅम्प सहा." बाई वळल्या होत्या. धाकटी म्हणाली होती... काय म्हणाली होती? बाईंना सगळं आठवायचं. कोणाच्या तोंडून कधी काय निघालं ते अक्षर न अक्षर त्यांच्यापाशी असायचं. धाकटी म्हणाली होती, "पाच आहेत. सहावा तिच्या जिभेखाली असेल, शोधा म्हणावं." आणि बाई थोरलीकडे वळल्या होत्या. त्या वळण्यात, मानेच्या त्या अर्ध्या फेरीत, त्यांनी घाईघाईने जीभ काढून टाकली, शोधा काढून टाकलं, म्हणावं काढून टाकलं. थोरलीपाशी पोचल्या तेव्हा हातात काय उरलं होतं? "हं. पुढे घ्या." एवढंच. थोरलीने खूण केली. धाकटीला वाटलं निरोप पोचला. काटा उपसताना बाईंनी आकडाही उपसून फेकला होता.

बाई खाली बसल्या. स्टुलावर. हे त्यांना आत्ता कळलं असं म्हणणं खोटं झालं असतं. हे त्यांना बुधवारपासून कळत होतं, जसं दाराबाहेर कोणीतरी उभं आहे हे कळतं आणि आपण नळ सोडून भांडी घासत राहतो तसं. रात्री झोप न येणं, चहा कडू लागणं, हे सगळं तेच होतं. धाकटीने पाच सांगितलं. थोरलीने ऐकलेल्यावर खूण केली. दोघींनी आपापलं काम चोख केलं. वाचणारी की मोजणारी, असं मेट्रनने विचारलं होतं. प्रश्नात तिसरी जागाच नव्हती. म्हणजे बाई सुटत होत्या. त्यांनी फक्त दोघींपैकी एक निवडायची, गोड बोलून.

हे मध्ये उभं राहणं त्यांनी या खोलीत शिकलेलं नव्हतं. आठव्या वर्षीच त्या त्यात तयार झाल्या होत्या. दोन खोल्यांचं घर, आई स्वयंपाकघरात, बाबा बाहेरच्या खोलीत, आणि दोघांमध्ये अबोला, कशावरून ते कोणी कधी सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून बाबांच्या खुर्चीपर्यंत अकरा पावलं, त्या आठ वर्षांच्या मुलीने मोजलेली. आई म्हणायची, "सांग त्यांना, ताट वाढलंय, गिळा म्हणावं." अकरा पावलांत ते वाक्य धुऊन निघायचं आणि ती म्हणायची, "बाबा, जेवायला चला." बाबा म्हणायचे, "भूक मेली म्हणावं या घरात." परतीच्या अकरा पावलांत त्याचं व्हायचं, "आई, बाबा म्हणाले थोड्या वेळाने." घरात भांड्यांचा आवाज कमी झाला. शेजारची काकू म्हणाली, पोरगी गुणाची आहे, घर सांभाळते. मग एका दुपारी बाबा डोळे मिटून कपाळ दाबत बसलेले तिला दिसले, आणि कोणीही काहीही सांगितलेलं नसताना ती स्वयंपाकघरात जाऊन, नुसतं पाणी पिऊन, अकरा पावलं चालत आली आणि म्हणाली, "आईने विचारलंय, तुमचं डोकं दुखतंय का?" बाबांनी डोळे उघडले. तो चेहरा तिने तोवर पाहिला नव्हता, नंतरही कमीच वेळा पाहिला. "बरं आहे म्हणावं," ते म्हणाले, "विचारलंस ते बरं झालं म्हणावं." हा निरोप मात्र तिला पोचवता आला नाही. आईने विचारलं असतं, कशाबद्दल बरं? ती परसदारी जाऊन उगीच एक फेरी मारून आली. निरोप तिथेच कुठेतरी राहिला. पुढे अबोला कधीतरी संपला, जसं दुखणं संपतं तसा, तारीख न ठेवता. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. बाबा बाईंकडेच असतात. ते एक खोटं वाक्य त्या घराचा कणा होतं, असं बाईंना आयुष्यभर वाटत आलं होतं. दमल्या की त्या मनात ते वाक्य काढून बघत, जपून ठेवलेल्या वस्तूसारखं, आणि पुन्हा कामाला लागत.

दीडला बाबांचा फोन आला. तो रोज दीडलाच येतो. "नेलकटर कुठंय?"

"टीव्हीखालच्या खणात. बाबा..."

"खणात नाही. बघितलं मी. तिथे बॅटऱ्याच आहेत नुसत्या. मेलेल्या बॅटऱ्या कशाला जपून ठेवतेस?"

"बाबा, एक विचारू? मी लहान असताना तुमचा आईशी अबोला होता. तेव्हा एकदा मी येऊन म्हटलं होतं, आईने विचारलंय डोकं दुखतंय का. आठवतं?"

पलीकडे खण ओढल्याचा आवाज. "आठवतं की. तिने नव्हतं विचारलं."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. तेव्हा मी वाट बघत बसलो. म्हटलं, मी उत्तर धाडलंय, आता पुढचं ती बोलेल. ती बोलेना. मला वाटलं, कसली मानी बाई आहे, एकदा विचारून पुन्हा गप्प. राग दुप्पट झाला माझा. पुढे तुझी मॅट्रिक होती त्या वर्षी एकदा मीच तिला म्हटलं, त्या दिवशी विचारलंस खरं, पण नंतर काय झालं तुला? तर ती म्हणाली, मी? कधी?"

"मग?"

"मग काय. हसलो दोघं. तुझ्यावर हसलो. पुष्कळ दिवसांनी एकत्र हसलो. म्हटलं, पोरगी वकील व्हायची." बाबा थांबले. त्यांना धाप लागली होती, खण खाली होता. "पण तोवर सात-आठ वर्षं गेली ना, बाळ. तू विचारलं नसतंस, तर कदाचित मी चार दिवसांत उठून आत गेलो असतो. भांडायला का होईना. जाऊ दे. सापडलं नेलकटर. तुझ्या बॅटऱ्यांखालीच होतं."

बाईंनी फोन बंद केला. खोलीत यंत्र चालू होतं आणि त्याच्या घरघरीत एक बारीक शिट्टी मिसळली होती, ती रोजच असते, आज ऐकू आली. त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो पुन्हा थकवाच. पण त्यात फरक होता. ओझं खांद्यावर असतानाचा थकवा वेगळा. ओझं उचलायला कोणी सांगितलंच नव्हतं, हे कळल्यावरचा वेगळा. मॅट्रिकच्या वर्षी, त्या पुस्तकात डोकं घालून बसल्या असताना, पलीकडच्या खोलीत दोन माणसं त्यांच्यावर हसत होती. आणि बाई पुढची तीस वर्षं अकरा पावलं चालतच होत्या.

पावणेतीनला त्यांनी दोघींना मोठ्या टेबलाशी बोलावलं. दोघी सवयीने आपापल्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. बाई सवयीने मधल्या जागेकडे निघाल्या, आणि मग स्टूल ओढून टेबलाच्या आडव्या बाजूला, भिंतीशी, बसल्या.

"मंगळवारी ही म्हणाली होती, पाच आहेत," बाई थोरलीला म्हणाल्या. "मी तुम्हाला ते सांगितलं नाही. मी सांगितलं, पुढे घ्या. तुमचंही चुकलं नाही, तिचंही चुकलं नाही. चुकलं माझं."

थोरलीने यादीचा पुठ्ठा टेबलावर ठेवला. "पाच म्हणाली होती तर तुम्ही पुढे घ्या कशाला म्हणाल?"

"कारण ती नुसती पाच म्हणाली नव्हती."

"मग काय म्हणाली होती?"

बाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या गालांवर रंग चढत होता. मानेची ती अर्धी फेरी, तो एक क्षण, ज्यात आजवर सगळं धुतलं जायचं, तो आला आणि बाईंनी त्याला तसाच जाऊ दिला. "म्हणाली, सहावा तिच्या जिभेखाली असेल, शोधा म्हणावं."

"अगं बाई!" थोरली म्हणाली. मग धाकटीला, थेट, "जिभेखाली? माझ्या?"

"हो, तुमच्या!" धाकटी ओरडली. "तुमच्या जिभेखाली आख्खा ट्रे मावेल! सगळ्यांसमोर माझे हात वरवरचे म्हणालात तुम्ही. आठ महिने मी वाट बघतेय, तुम्ही एक शब्द बोलाल. आणि बाई येऊन सांगतात, त्या म्हणाल्या पोरीचे हात चांगले आहेत. खरं वाटलं हो मला. घरी जाऊन सांगितलं मी नवऱ्याला."

"मी असलं बोलले असते?" थोरली बाईंकडे वळली. "चार वेळा, सात वेळा, ही येते नि माफी मागते म्हणून सांगता. मी आपली मनात म्हणतेय, पोरगी समोर आली की फिस्कारते आणि पाठीमागे माफी मागते, ही कसली माफी? दुतोंडी आहे म्हटलं मेली. त्याचाच जास्त राग यायचा मला. माफी मागितली नसतीस तर एवढा आला नसता!"

"म्हणजे आठ महिने आपण दोघी बाईंशीच भांडत होतो," धाकटी म्हणाली, "आणि बाईंशीच गोड होत होतो."

मग जे झालं ते बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बसून ऐकलं. कात्री निघाली, बिजागरी निघाली, चष्मा निघाला. थोरलीने सांगितलं की त्या आठवड्यात ती डोळे तपासून आली होती आणि एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला होता, आणि हिने नेमकं सगळ्यांसमोर चष्म्यावर बोट ठेवलं. धाकटी म्हणाली, मला काय स्वप्न पडलं होतं? माझं डोकं तेव्हा घरी तापात टाकून आलेल्या पोरीपाशी होतं. थोरली म्हणाली, आणि मला काय स्वप्न पडलं होतं तुझी पोरगी तापाने फणफणलीय म्हणून? सांगायचंस. कोणाला सांगायचं, धाकटी म्हणाली, तुमच्या तोंडाकडे बघून? वरून शिपाई आवाज ऐकून दारात आला, थोडा वेळ उभा राहिला, कौतुकाने म्हणाला, "आज इथे माणसं आहेत वाटतं," आणि गेला. दर वाक्याला बाईंचे पाय जमिनीवरून उचलायला निघत होते. त्यांनी ते स्टुलाच्या दांडीवर एकमेकांत अडकवून ठेवले. आतून भीती वाटत होती. आठ वर्षांच्या मुलीची भीती, की आता काहीतरी फुटेल, खरंखुरं फुटेल, आणि ओटा पुसायला हात पुरणार नाहीत. फुटलं काहीच नाही. साडेतीनच्या सुमाराला दोघी दमल्या. समेट वगैरे झाला नाही. थोरली खुर्चीवर बसली आणि तिने गुडघा चोळला, धाकटीने हातमोजे काढून डब्यात टाकले, बोटं ओली सुरकुतलेली होती.

बाईंनी कागद घेतला. एरवी त्यांचे अहवाल मऊ असत. 'गैरसमजातून', 'अनवधानाने', 'यापुढे काळजी घेतली जाईल.' असे शब्द त्यांच्याकडे घडीच्या रुमालांसारखे तयार असत. आज एकही रुमाल हाताला लागेना. सहा-सात ओळी झाल्या. पेन खाली ठेवलं, आणि कागद मेट्रनकडे न्यायला उठणार तेवढ्यात थोरली म्हणाली, "द्या इकडे. दोघींनी बघितल्याशिवाय इथून काही वर जात नाही."

ती टेबलाच्या आपल्या टोकाला गेली. चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ धरला. धाकटी न सांगता दुसऱ्या टोकाला उभी राहिली, रिकाम्या टेबलावर बोट टेकवून.

"मोजणारीने पाच सांगितले," थोरलीने वाचलं. थेट टेबलापलीकडे.

"सांगितले," धाकटी म्हणाली.

"वाचणारीला पाच ऐकू आले नाहीत."

धाकटी थांबली. तिने थोरलीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "नाहीत," म्हणाली.

"दोघींच्या मध्ये तिसरा आवाज होता. तो नियमात नाही. तो मी ठेवला. आकडा माझ्याकडून गेला."

धाकटीचं बोट टेबलावरच टेकलेलं होतं. यंत्रातली बारीक शिट्टी तेवढी चालू होती. खाली चादरींच्या विभागापर्यंत अठ्ठावीस पायऱ्या, बाईंचे गुडघे अजून चांगले होते, पाळणाघरात त्यांची वाट कोणी बघत नव्हतं. दीडचा फोन तिथेही लागतो.

"म्हण ना," थोरली म्हणाली. "खूण करायचीय."

"आहे," धाकटी म्हणाली. आवाज कडकच होता. थोरलीने खूण केली, आणि पुढची ओळ वाचायला कागद डोळ्यांजवळ नेला. बाई भिंतीशी बसून ऐकत होत्या. कुठेच वळायचं नव्हतं, तरी मान दुखत होती.